पाणी न पिता बाजार

दिवाळी जवळ आली की सोलापूरच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन संदेश फिरू लागतात. पहिल्याखाली पणतीचं चित्र असतं: यंदा ऑनलाईन काही मागवू नका, आपल्या गावातल्या दुकानदाराची दिवाळी गोड करा. दुसरा त्याला उत्तर म्हणून येतो: आधी नवी पेठेत गाडी लावायला जागा द्या, मग बोलू. मग तासभर जुंपते. एक बाजू देशभक्ती काढते, दुसरी पार्किंग. कुणी विचारतं, लॉकडाऊनमध्ये ऑनलाईनवाल्यानं तुम्हाला उधारीवर साखर दिली होती का? कुणी म्हणतं, तीच साखर वर दोन रुपये लावून दिली होती, विसरलात काय? आणि दुसऱ्या दिवशी पणतीवाल्याच्याच दारात खाकी खोक्याचं पार्सल येऊन पडतं. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याला वेळ नव्हता, आणि पेठेत जायचं जिवावर आलं होतं, एवढंच.

हे जिवावर का येतं, याबद्दल वाद व्हायला हवा, तो होत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पेठ ही दुकानदारावर उपकार करायची जागा नव्हे, आणि गाड्या लावायचीही नव्हे. ती पायी हिंडायची जागा आहे. हिंडणाऱ्याला, त्यातही हिंडणारीला, जे लागतं ते शहरानं दिलं तर पेठ टिकेल. नाही दिलं तर कितीही पणत्या पाठवा, ती ओसरेल. ग्राहकाच्या निष्ठेवर आजवर कुठली पेठ तगलेली नाही.

आधी हिंडण्यातून काय मिळतं ते बघू. मध्यंतरी एका पाहुण्याला चादर घ्यायची होती. त्यानं मोबाईलवर एक पसंत करून ठेवली होती, ‘अस्सल सोलापुरी’ असं ठळक लिहिलेली, दरही बरा. म्हटलं, घे, पण आधी एकदा दुकानात चल. दुकानदारानं चादर उलगडून पसरली आणि तिचा कोपरा उलटा केला. “ह्या अंगाला मोर लाल, जमीन पांढरी. आता ह्या अंगाला बघा की मालक, मोर पांढरा, जमीन लाल. दोन्ही अंगांनी पांघरायची ती आपली चादर.” मग ती घडी पाहुण्याच्या हातावर ठेवली, दुसऱ्या हातावर दुसरी, स्वस्तातली. बोलला काहीच नाही. वजन हातालाच कळलं. पाहुण्यानं मोबाईल खिशात घातला. टॉवेल पाहिजेत म्हटल्यावर तोच दुकानदार म्हणाला, “टॉवेल माझ्याकडं नका घेऊ, चार दुकानं सोडून पुढं जावा, तिथं बघा.” या चादरीला भौगोलिक मानांकन मिळून बराच काळ लोटला, तरी हरियाणातल्या पानिपतसारख्या बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून बिनदिक्कत खपतो. आमच्या चादरीचं पानिपत पानिपतच्याच मागांवर झालं, असा एक कडवट विनोद इथं चालतो. आणि खरं सांगायचं तर तो माल इथल्याही काही दुकानांत सोलापुरी म्हणूनच मांडलेला असतो. पण दुकानात तो उलटा करून बघता येतो. पडद्यावरची चादर उलटी होत नाही.

हे एका चादरीपुरतं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला चाटी गल्लीत निघालेली मंडळी बघा. दहा-पंधरा माणसं, त्यात दोन आत्या रुसलेल्या, एक मामा हिशेब धरून बसलेला. बस्ता झाला की ब्लाऊजचं अस्तर, फॉल, मग मधला मारुती परिसरात बांगड्या, बाशिंगं, रुखवताचं सामान. हे सगळं एका दुकानात मिळत नाही, आणि मिळू नये. दुकानं एकमेकांना लागून असतात म्हणून त्यांना एकमेकांचं गिऱ्हाईक मिळतं, आणि शेजारी तीच वस्तू असते म्हणून भाव फार चढवता येत नाही. पुन्हा हे सगळं चार भाषांत चालतं. दारात बाई उभी राहिली की दुकानदार तिचं लुगडं, कुंकू, चालण्याची ढब बघून ठरवतो आणि ती ‘एष्टु’ म्हणाली तर कन्नडमध्ये, ‘एंत’ म्हणाली तर तेलुगूत भाव सांगतो. पुढच्याशी दखनीत, त्यानंतरच्याशी मराठीत. भाषेवरून डोकी फुटण्याच्या या दिवसांत हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. गल्ल्यावर बसून जमतं.

आता दुसरी बाजू. ती जेवढी मांडली जाते त्याहून भक्कम आहे, आणि पणतीवाले तिला हातच घालत नाहीत.

गल्लीतला दुकानदार म्हणजे घरचा माणूस, हे चित्र गोड आहे पण अर्धंच खरं. बहिणीसाठी घेतलेला ड्रेस दुसऱ्या दिवशी बदलायला गेलो तेव्हा एका दुकानदारानं माझ्याकडे न बघता पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल पाहिजे असेल तर टॅक्स पडेल.” तीच वस्तू ॲपवर घेतली असती तर दारातून परत गेली असती. यावर ‘पण माणुसकी’ असं उत्तर देणं म्हणजे मुद्दा टाळणं. आणि उधारीच्या वहीबद्दल हळवं होणाऱ्यांनी थोडा इतिहासही आठवावा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे या आठवडी बाजाराच्या गावात शेतकऱ्यांनी सावकार-दुकानदारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. कापड, धान्य विकणारा आणि कर्ज देणारा अनेकदा एकच असे. त्या दंग्यांनंतर १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. तो पहिल्यांदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, नगर यांच्या जोडीला सोलापूर होतं. कायद्यात काय होतं? इतर गोष्टींबरोबर हेही की कर्ज देणाऱ्यानं कर्जदाराला पावती द्यावी, हिशेब दाखवावा. म्हणजे ‘बिल द्या’ ही मागणी आपल्या जिल्ह्यात जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे. ऑनलाईनवाल्यांनी ती शिकवलेली नाही.

याहून बोचरी गोष्ट नजरेची. पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात, असं आपण कौतुकानं म्हणतो. पण ओळखणं म्हणजे काय, हे ज्याचं आडनाव विचारून स्वर बदलला जातो त्याला विचारा. कॉलेजातल्या मुलीला विचारा, जिला आतले कपडे मागायचेत आणि काऊंटरवर वडिलांच्या मित्राचा मुलगा बसलाय. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, चोरीचा माल दिल्यासारखं देतात, ते कुठल्या आपुलकीत बसतं? ॲपला आडनावाशी घेणंदेणं नाही, निदान तोंडावर तरी नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या पायरीबाहेरूनच सौदा केलेल्या घरातला एखादा मुलगा मॉलच्या सरकत्या जिन्यावर निवांत उभा राहतो तेव्हा त्याला चंगळवादी म्हणायचा अधिकार मला तरी नाही.

हे सगळं मान्य. तरीही पेठेच्या बाजूनं का?

एक तर, जी मोकळीक मॉलमध्ये मिळते म्हणतो ती मुळात गर्दीची देणगी आहे. तुम्ही कुठल्या दुकानात सर्वांत जास्त अवघडता? जिथं दुसरं गिऱ्हाईक नाही आणि मालक तुमचीच वाट बघत बसलाय तिथं. मंगळवारच्या बाजारात कोण कुणाचं आडनाव विचारतो? तिथं शंभर अनोळखी माणसं एकाच ढिगातून कांदे निवडत असतात. म्हणजे दोष पेठेत माणसं फार असण्याचा नाही, हिंडणारी माणसं कमी होत चालल्याचा आहे. रोडावलेली पेठच जास्त टोचरी होते: उरलेलं गिऱ्हाईक नेहमीचं, उरलेला दुकानदार धास्तावलेला. मग तो हात धरून आत ओढतो, माल परत घेत नाही, बिल टाळतो. यातली बिलाची गोष्ट कायद्यानं सुटते, ती तशीच सोडवावी, तिथं दयामाया नको. वागण्याची गोष्ट मात्र पलीकडच्या दुकानात जाणं सोपं असेल तेव्हाच सुटते.

दुसरं, आपण ‘ग्राहक’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं कोण असतं? होटगी रोडच्या फ्लॅटमधला पगारदार. पण हे यंत्रमागाचं आणि विडीचं शहर आहे. पूर्व भागात आठवड्याच्या पगारावर घर चालतं. पानं भिजवून, कापून, सुरळ्या वळून विड्यांचे कट्टे पोचवणारी बाई पाच रुपयांचं तेल, दहाची तूरडाळ, एक वडी साबण घेते. ॲप तिला किमान किती रुपयांचं सामान घ्यायला सांगतं? साखर पेठेतला किराणावाला असली काही अट घालत नाही. तो थोर आहे म्हणून नव्हे, त्याचा धंदाच त्या मापावर बेतलाय म्हणून. ही दुकानं गेली तर पगारदाराची थोडी गैरसोय होईल. तिला मात्र पंधरा दिवसांचा बाजार आठवड्याच्या पैशांत करायला सांगितल्यासारखं होईल.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ‘बाजार आपोआप ठरवतो, जे टिकेल ते टिकेल’ असं म्हणणारे शहाणे आपल्याकडं वाढलेत. पेठ कधी आपोआप झाली? मराठीत पेठ ‘वसवतात’. क्रियापदच बघा. मराठा अमदानीत एखादी पेठ नव्यानं वसवायची तर सरकारातून कौल, म्हणजे लेखी अभय, दिला जाई, येऊन राहणाऱ्या उदमींना काही वर्षं जकात-पट्टीची सूट मिळे, बाजार सांभाळायला शेटे-महाजन नेमले जात. वारांच्या नावाच्या ज्या पेठांत आपण आज घासाघीस करतो तो वाणच मुळी सरकारी सवलतींच्या मांडवाखाली वाढलेला आहे. पुढं १८६० साली रेल्वे सोलापुरात आली. तिनं विलायती कापड आणलं, आणि दुष्काळात तेलंगणातून आलेल्या विणकरांना दूरची गिऱ्हाइकंही मिळवून दिली. १८७७ मध्ये इथली पहिली गिरणी उभी राहिली, तिच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ लागलं, आणि बाजारही त्याच पगाराच्या दिवसांभोवती फिरू लागला. रूळ कुठून जाणार हे काही कुठल्या दुकानदारानं किंवा गिऱ्हाइकानं ठरवलं नव्हतं. एकेक करून गिरण्या बंद पडल्या तेव्हाही आपण कामगार आळशी की मालक चोर यावर भांडत राहिलो. त्या जागांचं काय करायचं याचे निर्णय दुसरीकडं कुठंतरी झाले.

मॉलचंही तेच. मॉल काय विकतो? कपडे तर नवी पेठेतही मिळतात. मॉल विकतो सावली, बसायला बाकडं आणि स्वच्छ संडास. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणाऱ्या गावात या तीन गोष्टी शहरानं फुकट द्यायच्या असतात. आपण दिल्या नाहीत, म्हणून कुणीतरी त्या दुकानांच्या भाड्यात घालून विकतो, आणि लोक पैसे मोजून घेतात. यात लोकांचं काय चुकलं?

पार्किंगवाले इथं थांबवतील. गाडी पेठेत आलीच नाही तर म्हाताऱ्या माणसानं काय करायचं, दुकानात माल कसा उतरायचा, बस्त्याची गाठोडी कोण वाहणार? प्रश्न खरे आहेत. पण नवी पेठेत सकाळी अकराला जाऊन बघा, दुकानांपुढं लागलेल्या दुचाकी कुणाच्या आहेत. बऱ्याचशा दुकानवाल्यांच्या आणि त्यांच्या नोकरांच्याच. त्या रात्री नऊलाच हलतात. गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून ओरडणारी पेठ स्वतःच स्वतःच्या दारात आडवी पडली आहे. एक मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्यात दहा बायका उभ्या राहून साडीचा काठ बघू शकतात. गिऱ्हाईक मोटार असतं की बाई? दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे. तिथंही नियम पाळायला लावणं ही रोजची कटकट आहे, पण चांदणी चौक मेला नाही. पुणे महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन केला आणि ती प्रथा पुढं चालू ठेवली. आपल्याकडं माल नऊच्या आत उतरवता येईल, गाड्या पार्क चौकाच्या बाजूला लावून आत बॅटरीच्या रिक्षा सोडता येतील. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आलं होतं. पैसे नव्हते, असं म्हणायची सोय नाही.

‘सोलापूरकर चालत नाही हो’ असंही एक ठेवणीतलं वाक्य आहे. हे गाव संक्रांतीला काय करतं? सात नंदीध्वज खांद्यावर पेलत अडुसष्ट लिंगांची वाट चालतं, आणि मागून सारं शहर, लेकरं-म्हाताऱ्यांसकट. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, लोक दोन-दोन तास धुळीत हिंडतात, भज्यांपासून पाळण्यापर्यंत. ज्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची ही यात्रा, त्यांची परंपरा ‘कायकवे कैलास’ मानणारी, कष्टालाच कैलास म्हणणारी. त्या गावाला चालायचा कंटाळा नाही. वाट मोकळी असेल तर ते चालतं.

वाट अडवणारे म्हणून मग फेरीवाल्यांवर खापर फुटतं. गाडीवाल्याला हटवा की पेठ मोकळी, हे दुकानदारांचं लाडकं औषध. २०१४ चा फेरीवाला कायदा दर पाच वर्षांनी पाहणी करायला सांगतो, शहर विक्री समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत म्हणतो, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्या म्हणतो. २०११ च्या साडेनऊ लाख लोकसंख्येवर हा आकडा जवळपास चोवीस हजार होतो. इतक्या माणसांना हटवणार कुठं? आणि का? पेठेत पाय रेंगाळतात ते काचेतल्या पुतळ्यांसाठी कमी, गाडीवरच्या पेरूसाठी जास्त. लिंबू सरबतवाला नसता तर मागच्या उन्हाळ्यात मी तरी टिळक चौकातूनच परत फिरलो असतो. आखून दिलेल्या जागेत तो बसला तर वाट अडत नाही. अडते ती दुचाकीनं, आणि दुकानाबाहेर चार फूट आलेल्या पुतळ्यानं.

पण हे सगळं बाजूला ठेवून एकच गोष्ट मागायची झाली तर मी स्वच्छतागृह मागेन. बायकांसाठी, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं, दर दोन-तीनशे पावलांवर एक. वादात हा शब्द कुणी काढत नाही, कारण वाद घालणारे बहुतेक पुरुष असतात आणि पुरुषाला भिंत पुरते. पेठेतली खरेदी कोण करतं? बायका. बस्ता कोण ठरवतं? बायका. आणि त्यांच्या पेठेची लांबी किती, तर पोट आवरेल तेवढी. मॉलशी पेठेची खरी स्पर्धा भावात नाही, इथं आहे. किती दुकानं फिरून होतात यावर गल्लीच्या शेवटच्या टोकाच्या दुकानाचा गल्ला ठरतो, आणि ‘आमच्याकडं गिऱ्हाईक पोचतच नाही’ म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला याचा पत्ताच नसतो.

माझी मावशी बाजाराला निघायच्या आधी दोन तास पाणी पीत नाही. उन्हाळ्यातही नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला तहानच कमी. गेल्या महिन्यात तिच्यासोबत चाटी गल्लीत गेलो. शालूच्या रंगाचं अस्तर हवं होतं, मोरपंखी आणि हिरव्याच्या मधलं काहीतरी, जे फोटोत कधीच दिसत नाही. पहिल्या दुकानात फिकट निघालं, दुसऱ्यात गडद. तिसऱ्या दुकानदारानं तुकडा हातात घेतला, उजेडात नेला आणि म्हणाला, “अक्का, हे तुम्हाला पुढं कोपऱ्यावर मिळेल बघा, शंभर टक्के.” दुपारचा एक वाजला होता. मावशीनं कोपऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, “राहू दे, रिक्षा बघ.”